‘सगळे धर्म एकच सांगतात’ असं म्हणण्याआधी

पोस्ट मोठी आहे. निवांत असाल तेव्हा वाचा.

पुण्यात कॅम्पातल्या एका इराणी हॉटेलात आम्ही तिघं अधूनमधून बसतो. मी, माझा नगरकडचा एक मित्र, आणि रोज संध्याकाळी ठरलेल्या टेबलावर येणारे एक वयस्कर इराणी काका. मित्राचं घराणं चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. काका बहाई. इराणी म्हटलं की आपण डोळे झाकून पारशी समजतो, पण मुंबई-पुण्यातल्या इराणी मंडळींत झरतुष्ट्री आहेत, शिया मुसलमान आहेत आणि बहाईही आहेत. दिल्लीचं लोटस टेंपल बहुतेकांनी पाहिलेलं असतं. पाचगणीचं १९४५ सालचं न्यू एरा स्कूलही ऐकून माहीत असतं. ते ज्यांचं आहे, ते हे लोक.

नाताळच्या आसपासची गोष्ट. काका सहज म्हणाले, "आम्ही येशूला मानतो." मित्राने विचारलं, "किती मानता?" आवाज चढला नव्हता, पण हवा जरा बदलली. मी नेहमीसारखा मध्ये पडलो, "अहो जाऊ द्या ना, शेवटी सगळे धर्म एकच सांगतात."

मित्र माझ्याकडे बघून म्हणाला, "तू अंपायर म्हणून उभा राहिलास आणि काकांच्या टीमकडून बॅटिंग करून गेलास."

काका खळखळून हसले. म्हणाले, "बरोबर बोलतो आहे तो. आणि बाळा, जे तू म्हणालास ते आमचंही पूर्ण नाही."

घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना. मी आयुष्यभर हे वाक्य शांततेचा झेंडा समजून वापरत आलो होतो. मग दोन-तीन महिने मिळेल ते वाचलं. ते सगळं इथे मांडतो.

सुरुवात इराणमधल्या शिराझपासून. १८११ मध्ये हेन्री मार्टिन नावाचा एक तरुण इंग्रज पाद्री कलकत्त्याहून निघाला, वाटेत मुंबईत थांबला आणि शिराझला पोचला. तिथे त्याने नव्या कराराचं फारसी भाषांतर पुरं केलं आणि मौलवींशी वादही घातले. १८१२ साली परतीच्या वाटेवर तुर्कस्तानातल्या तोकात गावी तो वारला. मिशनरी आणि मौलवी यांच्या वादात तेव्हा आणि नंतरही एक मुद्दा हटकून यायचा. मौलवी म्हणायचे, तुमचं शुभवर्तमान मुळात देवाचंच होतं, पण आज तुमच्या हातात आहे ते बिघडवलेलं आहे. या आरोपाला ‘तहरीफ’ म्हणतात. मिशनरी जुनी हस्तलिखितं दाखवून म्हणायचे, बिघडवलं म्हणता तर कधी, कुठे, कोणी? दोन्ही बाजू दमायच्या आणि वाद तिथेच राहायचा.

याच शिराझमध्ये १८१९ साली एका व्यापारी घरात सय्यद अली मुहम्मद जन्मला. १८४४ मध्ये, वयाच्या पंचविशीच्या आत, त्याने जाहीर केलं की ज्याची वाट बघत होता तो मी. लोक त्याला ‘बाब’ म्हणजे दरवाजा म्हणू लागले. १८५० मध्ये तबरीझला त्याला गोळ्या घालून मारण्यात आलं. ज्या मामाने त्याला वाढवलं होतं, त्या मामालाही त्याच वर्षी तेहरानमध्ये मृत्युदंड झाला.

पण बाबला आणखी एक मामा होता, आणि त्याला भाच्याचं म्हणणं पटलेलं नव्हतं. माणूस श्रद्धाळू, व्यापारी, सरळ. अडचण अगदी आपल्या घरातली वाटावी अशी: परंपरेत सांगितलंय की तो येईल तेव्हा अमुक घडेल, तमुक घडेल. यातलं काहीच घडलेलं दिसत नाही. मग आपला भाचा ‘तो’ कसा?

१८६०च्या दशकाच्या सुरुवातीला हा मामा इराकमधल्या शियांच्या तीर्थांना आला तेव्हा बगदादमध्ये बाबच्या अनुयायांचे एक प्रमुख हद्दपारीत राहत होते. मिर्झा हुसेन अली, म्हणजेच पुढे ज्यांना जग ‘बहाउल्ला’ म्हणून ओळखू लागलं ते. मामाने आपल्या शंका त्यांना लिहून दिल्या. उत्तर म्हणून जे लिहिलं गेलं ते पुस्तक ‘किताब-ए-ईकान’. बहाई परंपरा सांगते की ते दोन दिवस आणि दोन रात्रींत झालं.

आता गंमत बघा. विचारणारा शिया मुसलमान, शंका शिया परंपरेतल्या. आणि उत्तराचा मोठा भाग कशावर आहे? बायबलमधल्या मत्तयाच्या २४ व्या अध्यायावर. येशू पुन्हा येईल तेव्हा सूर्य काळवंडेल, तारे गळून पडतील, तो ढगांवरून येईल, अशा अर्थाचा जो भाग आहे तो घेऊन बहाउल्ला मामाला म्हणतात (शब्द माझे, मुद्दा त्यांचा): ख्रिस्ती लोक ही वाक्यं अक्षरशः घेऊन आभाळाकडे बघत बसले, म्हणून त्यांनी मुहम्मदांना नाकारलं. तुम्ही त्यांना त्याबद्दल दोष देता. मग भाच्याच्या बाबतीत तुम्ही वेगळं काय करताय?

त्यांच्या मते सूर्य म्हणजे जुन्या धर्माचा प्रकाश, तारे म्हणजे त्या धर्माचे पंडित. ते आपल्या जागेवरून ढळतात म्हणजे तारे गळतात. ढग म्हणजे माणसाच्या अपेक्षांना न पटणाऱ्या गोष्टी. नवा दूत आपल्यासारखाच खातो, पितो, दमतो, गरीब असतो, जुने नियम बदलतो. हाच तो ढग, ज्याच्यामागे सूर्य दिसत नाही.

त्याच पुस्तकात ते तहरीफच्या वादालाही हात घालतात आणि मौलवींच्या विरुद्ध जातात. मूळ शुभवर्तमान नष्ट झालं असं कसं म्हणता? येशूपासून मुहम्मदांपर्यंत जी शतकं गेली, त्या काळातल्या लोकांना देवाने ग्रंथाशिवाय वाऱ्यावर सोडलं होतं का? बिघडवलं असेल तर पंडितांनी अर्थ बिघडवला, असं त्यांचं उत्तर.

मुस्लिम जगात वाढलेला एक माणूस शुभवर्तमानाची बाजू घेतोय. बहाई लोक येशूचा कुमारी मातेपोटी जन्म मानतात, क्रूसावरचा मृत्यूही मानतात. मिशनऱ्यांनी पेढे वाटायला हवे होते! पण तसं झालं नाही. का झालं नाही, तेच मला मित्राने पुढच्या भेटीत समजावलं.

मी त्याला विचारलं, "अरे, ते तुमचा ग्रंथ मानतात, तुमचा येशू मानतात, तुझी अडचण काय?"

तो म्हणाला, "कबरीचं काय करतात ते विचार."

बहाउल्लांचे पुत्र अब्दुल बहा यांनी अक्का इथे १९०४ ते १९०६ या काळात लॉरा बार्नी या अमेरिकन बाईंच्या प्रश्नांना जेवणाच्या टेबलावर उत्तरं दिली. ती १९०८ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यात पुनरुत्थानाचा अर्थ असा लावला आहे: क्रूसानंतर शिष्य खचले, गोंधळले. येशूची शिकवण जणू निष्प्राण शरीरासारखी पडली. तीन दिवसांनी ते सावरले, शिकवण पुन्हा जिवंत झाली. उठलं ते हे. मांसाचं शरीर उठलं असा त्याचा अर्थ नाही.

ऐकायला किती सुंदर. मला तर पहिल्या वाचनात पटूनच गेलं होतं. पण ख्रिस्ती माणसासाठी इथे पायाच सरकतो. पौल करिंथकरांना लिहितो त्याचा आशय असा की ख्रिस्त उठलाच नसेल तर आमचा सगळा विश्वास फुकट. लूकच्या शुभवर्तमानात उठलेला येशू शिष्यांसमोर मासा खातो. योहानाच्या शुभवर्तमानात तो थोमाला जखमांना हात लाव म्हणतो. हाच तो थोमा, जो भारतात आला असं केरळचे ख्रिस्ती परंपरेने मानतात. मित्र म्हणाला, "लिहिणाऱ्याला रूपक म्हणायचं असतं तर मासा कशाला आणला असता?"

काकांकडे याला उत्तर होतं. ते म्हणाले, "एलीयाचं काय?" यहुद्यांना सांगितलं होतं की मसीहाच्या आधी एलीया परत येईल. एलीया तर आभाळात गेलेला. मग येशूने स्वतःच सांगितलं की बाप्तिस्मा करणारा योहान हाच तो एलीया. आणि त्या योहानाला विचारलं तर तो म्हणाला, मी एलीया नाही. दोन्ही गोष्टी शुभवर्तमानांतच आहेत. "म्हणजे परत येणं हे देहाचं नसतं, गुणांचं असतं, हे येशूनेच शिकवलं. मग स्वतःच्या परत येण्याबद्दल तो वेगळा नियम लावेल का?"

मित्र थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "एलीयाच्या बाबतीत लूक सरळ सांगतो की योहान त्याच्या आत्म्याने आणि सामर्थ्याने येईल. रूपक असेल तिथे ग्रंथच खूण करतो. खूण नसेल तिथे आपण रूपक घातलं, तर मग ग्रंथ आपल्याला काही शिकवतच नाही, आपणच त्याला शिकवतो."

हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की हा वाद हट्टाचा नाही. इथे दोन वेगळे, पूर्ण विचार केलेले दृष्टिकोन समोरासमोर आहेत.

काकांचा दृष्टिकोन मुंबईच्या माणिकजी लिमजी हातारिया यांच्या एका पत्रव्यवहारातून छान कळतो. माणिकजी सुरतकडचे पारशी. इराणमधल्या झरतुष्ट्री बांधवांचे हाल कमी करावेत म्हणून मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये त्यांना तिकडे पाठवलं. वाटेत बगदादला त्यांची बहाउल्लांशी भेट झाली. नंतर त्यांनी पत्रातून प्रश्न विचारले, त्यातला एक गाभ्याचा: इतके धर्मसंस्थापक, सगळ्यांचे नियम वेगळे, मग खरं कोणाचं? आलेल्या उत्तरातली उपमा वैद्याची आहे. वैद्य नाडी बघून औषध देतो. काल दिलेलं औषध आणि आजचं वेगळं असेल तर वैद्य चुकला असं होत नाही, दुखणं बदललेलं असतं. म्हणजे सत्य एक, पण ते टप्प्याटप्प्याने, त्या काळाला झेपेल तेवढं येतं. येशू एक टप्पा, मुहम्मद पुढचा, बाब आणि बहाउल्ला त्यापुढचे. आणि बहाउल्लाही शेवटचे नाहीत. निदान हजार वर्षांनी पुढचा येईल, असं त्यांनीच लिहून ठेवलंय.

मित्राचा दृष्टिकोन वेगळ्या ठिकाणी उभा आहे. त्याच्या मते देवाने जे दिलं ते औषध नव्हतं, चिठ्ठीही नव्हती. देव स्वतः आला. ग्रंथ हा त्या येण्याची साक्ष आहे, साक्षीदारांनी लिहिलेली. म्हणून शुभवर्तमानं चार असली, शब्द थोडे इकडेतिकडे असले तरी त्याला फरक पडत नाही. बहाईंचं उलट आहे. त्यांच्याकडे संस्थापकाच्या स्वतःच्या लेखणीतलं आणि त्याने सांगून लिहवून घेतलेलं लिखाण आहे, मूळ कागद जपून ठेवलेले आहेत. पुढे अर्थ कोणी लावायचा हेही मृत्युपत्रात लिहिलेलं आहे. त्या कसोटीने बघितलं की बायबल पवित्र आणि मुळात खरं, पण शब्दन् शब्द येशूचा म्हणून धरता येणार नाही, असं ते म्हणतात. ख्रिस्ती म्हणतो, आम्ही तसा दावा केलाच कधी होता? आमच्याकडे शब्द म्हणजे माणूस, पुस्तक नंतर.

बहाई म्हणतात, येशू हा स्वच्छ आरसा. त्यात सूर्य पूर्ण दिसतो, पण सूर्य आरशात उतरत नाही. ख्रिस्ती म्हणतात, आमचा सगळा दावाच हा की तो उतरला. इथे तडजोड कुठे करणार?

‘ख्रिस्ती लोक जरा हट्टीच’ असं एव्हाना तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. मग काकांनी आमच्याकडे मोर्चा वळवला. बहाई लोक कृष्णालाही मानतात, बुद्धालाही. हिंदी बहाई पुस्तकांत ‘अवतार’ हा शब्दही येतो. मी खूश. पण काका म्हणाले, अवतार म्हणजे तोच आरसा. कृष्ण म्हणजे स्वतः परमेश्वर देह घेऊन आला, हे त्यांना मान्य नाही. पुनर्जन्मही मान्य नाही. मी चटकन म्हणालो, "अहो पण मग तो कृष्ण राहिलाच कुठे?"

मित्र काही बोलला नाही. नुसता बनमस्का खात माझ्याकडे बघत राहिला.

तेव्हा मला त्याचं पहिलं वाक्य कळलं. ‘सगळे एकच’ म्हणणारा प्रत्येकाला जागा देतो, मोठ्या मनाने देतो. पण ती जागा त्याच्या नकाशातली असते. समोरच्याने ती मागितलेली नसते.

याचा अर्थ या दोन धर्मांमध्ये फक्त वादच झाले असा नाही. १८९३ च्या सप्टेंबरमध्ये शिकागोला सर्वधर्मपरिषद भरली, विवेकानंदांमुळे आपल्याला ठाऊक असलेली तीच. तिथे २३ तारखेला बैरूतकडे काम करणाऱ्या हेन्री जेसप या मिशनऱ्याचा निबंध वाचला गेला. त्याच्या शेवटी जेसपने आदल्या वर्षी वारलेल्या एका इराणी कैद्याचे शब्द दिले. केंब्रिजचे एडवर्ड ब्राउन १८९० मध्ये बहाउल्लांना भेटले होते, तेव्हाचे. राष्ट्रांनी एक व्हावं, माणसांनी भाऊ म्हणून राहावं, ही भांडणं संपावीत, अशा आशयाचे. अमेरिकेत जाहीर व्यासपीठावर बहाउल्लांचं नाव पोचवणारा निबंध ख्रिस्ती मिशनऱ्याचा होता!

१९११ मध्ये अब्दुल बहा लंडनला आले. वय ६७, जवळजवळ सगळं आयुष्य हद्दपारीत आणि कैदेत गेलेलं. पाश्चात्त्य देशातलं त्यांचं पहिलं जाहीर भाषण १० सप्टेंबरला सिटी टेंपल या चर्चमध्ये झालं. नंतर त्यांनी तिथल्या व्यासपीठावरच्या बायबलमध्ये फारसीत काही ओळी लिहिल्या, त्या ग्रंथाला ईश्वरी म्हणून मान देणाऱ्या.

आणि काहींनी किंमतही मोजली. आयर्लंडमधले आर्चडीकन जॉर्ज टाउनशेंड कित्येक वर्षं मनाने बहाई होते आणि पदाने चर्चचे. दोन्ही एकत्र नांदेल, चर्चच पुढे येईल, अशी त्यांना आशा होती. शेवटी १९४७ मध्ये, सत्तरी गाठलेली असताना, त्यांनी पद सोडलं, चर्चचं घर सोडलं. ‘सगळं एकच’ असतं तर त्या म्हाताऱ्याला घर कशाला सोडावं लागलं असतं?

पण लक्षात घ्या, त्यांना कोणी तुरुंगात टाकलं नाही. आता शिराझला परत चला.

१८ जून १९८३. त्याच शिराझमध्ये दहा बहाई स्त्रियांना एकाच रात्री फाशी दिली. सगळ्यात लहान मोना महमुदनिझाद, वय १७. गुन्हा काय, तर बहाई असणं, मुलांना धर्माचे वर्ग घेणं, आणि धर्म सोडला असं म्हणायला नकार देणं. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणमध्ये २०० हून अधिक बहाई मारले गेले. राज्यघटनेचं १३ वं कलम झरतुष्ट्री, यहुदी आणि ख्रिस्ती एवढ्यांनाच अल्पसंख्य मानतं. बहाई त्यात नाहीत, कारण मुहम्मदांनंतर पैगंबर येणं सत्ताधाऱ्यांच्या धर्मशास्त्रात बसत नाही.

ख्रिस्ती कागदावर सुरक्षित आहेत. पण तेही कागदावरच. १९८० मध्ये अँग्लिकन बिशप देहकानी-तफ्ती यांच्या मुलाचा खून झाला. १९९४ मध्ये इस्लाम सोडून ख्रिस्ती झालेल्या मेहदी दिबाज यांची फाशी टळावी म्हणून आवाज उठवणारे बिशप हाइक होवसेपियन मारले गेले, आणि काही महिन्यांत सुटून आलेले दिबाजही.

मुहम्मद शेवटचे पैगंबर, ही कोट्यवधी मुसलमानांची मनापासूनची श्रद्धा आहे. ती श्रद्धा असणं हा गुन्हा नाही, जसं येशू उठला म्हणणं नाही, आणि पुढचा दूत आला म्हणणंही नाही. प्रश्न सुरू होतो तो सरकार त्यातलं एक उचलून न्यायाधीशाच्या टेबलावर ठेवतं तेव्हा. हे ओळखणारा माणूस इराणमध्येही होता. आयातुल्ला मोंतझेरी, एके काळी खोमेनींचे ठरलेले वारसदार. त्यांनी २००८ मध्ये सांगितलं की बहाईंचा धर्म मान्य नसला तरी ते या देशाचे नागरिक आहेत आणि नागरिकाचे हक्क त्यांना आहेत. त्यांनी ‘सगळे एकच’ म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती.

आपल्याकडे समभाव म्हटलं की आपण सारखेपणा समजतो. सगळ्यांचं म्हणणं एकच ठरवलं की भांडण मिटेल अशी आपली समजूत. पण ज्या शांततेसाठी आधी मतभेद पुसावे लागतात, ती टिकेल किती? वेगळं म्हणणाऱ्यालाही शेजारी घर मिळतं का, नोकरी मिळते का, त्याच्या मेलेल्याला जमीन मिळते का, हे बघायला हवं.

मुंबईचा याबाबतीत जुना लौकिक आहे. इराण आणि तुर्की साम्राज्यात जे पुस्तक छापणं अशक्य होतं, ते ‘किताब-ए-ईकान’ १८८०च्या दशकात मुंबईत शिळाछापावर छापलं गेलं. ज्या शहरात मिशनरी पारशांशी, हिंदूंशी, मुसलमानांशी जाहीर वाद घालत होते, पत्रकं काढत होते, त्याच शहरात. मला हे फार आवडलं. एका मामाच्या शंकेचं उत्तर छापायला जागा मिळाली ती आपल्याकडे.

परवा पुन्हा बसलो होतो. मित्राने काकांना सरळ विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, मी चुकतोय?" काका म्हणाले, "हो. आणि तुला?" मित्र म्हणाला, "मलाही वाटतं तुम्ही चुकताय." काकांनी पोऱ्याला हाक मारून तीन चहा सांगितले. मी या वेळी तोंड बंद ठेवलं.